बाईंना काय हो, मे महिन्याची सुट्टी!

पाऊस सुरू झाला की हिंजवडीतल्या प्रत्येक टीमला एकच रोग होतो. रोगाचं नाव लोणावळा. शुक्रवारी दुपारी ग्रुपवर कुणीतरी धबधब्याचा फोटो टाकतो, कुणीतरी "चलायचं?" म्हणतो, आणि शनिवारी सकाळी सातला पाच जण एका गाडीत कोंबून निघालेले असतात. मीही त्यातलाच. गेल्या वर्षीच्या जुलैत असेच गेलो होतो. भुशी धरणाच्या अलीकडे गाड्यांची ही रांग... दीड तासात गाडी अर्धा किलोमीटर सरकली असेल नसेल. काच खाली घेतली की धुकं आत, वर घेतली की पाच ओल्या इंजिनिअरांचा वास आतच. शेवटी उतरलो आणि रस्त्याकडेच्या टपरीवर भाजलेली कणसं घेतली.

कणसं भाजणारा पोरगा असेल नऊ-दहा वर्षांचा. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, हातात पुठ्ठा, निखाऱ्याला वारा घालणं चालू. लिंबू-तिखट चोळून त्याने कणीस माझ्या हातात दिलं, जरा निरखून बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही आमच्या बाईंचे भाऊ ना? गॅदरिंगला आलेले. स्पीकर लावलेला तुम्ही."

शनिवार, सकाळचे साडेनऊ. शनिवारी सकाळची शाळा असते हे मला आठवायला दोन सेकंद लागली.

"आज शाळा नाही का रे?"

"आहे की," तो म्हणाला. अगदी सहज. "पण आज धंद्याचा दिवस ना."

त्याच रस्त्याने पुढे, त्याच रांगेतून स्कूटर काढत माझी ताई सकाळी शाळेत पोचली होती आणि अर्ध्या रिकाम्या वर्गाला शिकवत होती. रिकाम्या जागांपैकी एक जागा माझ्यासमोर उभी होती आणि तिने माझ्याकडून कणसाचे पैसे घेतले होते.

गाडीत परत आल्यावर मी हे सांगितलं. आमचा लीड (माणूस चांगला आहे, फक्त बोलतो जास्त) म्हणाला, "अरे पण मुलं नसली तर बरंच की! कमी काम. तसंही बाईंना काय, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, पाचला घरी. स्ट्रेस काय तो आपल्याला."

त्या दिवशी मी काही बोललो नाही. कणीस संपवलं. पण ते वाक्य डोक्यात अडकलं ते अडकलंच. आज लिहून मोकळा होतो.

तर आधी ताईबद्दल. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. डीएड झाली तेव्हा राज्यात शिक्षकभरती जवळजवळ बंदच होती. 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी दिली आणि 2019 मध्ये त्या 'पवित्र' नावाच्या पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. (पोर्टलला असं नाव देणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय.) त्याच वर्षी मी इंजिनिअर झालो आणि कँपसमधून लागलो. साडेतीन लाखांचं पॅकेज, जे आमच्याकडे सगळ्यांनाच मिळतं आणि सगळेच त्याला शिव्या देतात. तीन महिने एसी हॉलमध्ये ट्रेनिंग, ज्यात मी मुख्यतः टेबल टेनिस शिकलो. ताई शिक्षणसेवक म्हणून लागली, महिना सहा हजार, तीन वर्षं. हे मानधन सहावरून सोळा हजार झालं ते 2023 च्या जानेवारीत, म्हणजे ताईची तीन वर्षं उलटून गेल्यावर. पहिल्या पगारात मी बूट घेतले. ते सहा हजारांच्या वरचे होते, हे मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

आता ती कायम आहे, पगार चांगला आहे. माझ्यापेक्षा कमी, पण रडगाणं गावं असा नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण 'बिच्चारे शिक्षक' छापाचा लेख मला लिहायचा नाहीये. दांड्या मारणारे, क्लास चालवणारे, पुढाऱ्याच्या मागे फिरणारे मास्तर मीही पाहिलेत. एकाचा मारही खाल्लाय. असो.

माझा मुद्दा पगाराचा नाहीच. शिकवणं या कामात जो मायेचा भाग आहे तो आपण काम म्हणून धरतच नाही, हा आहे. तो फुकट मिळतो असं आपण गृहीत धरलंय. पाऊस पडतो तसा.

आर्ली हॉक्सचाइल्ड नावाच्या एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली 'द मॅनेज्ड हार्ट' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी विमानातल्या हवाईसुंदऱ्यांचा अभ्यास केला होता. ट्रे उचलणं हे काम, तसंच प्रवासी कितीही खेकसला तरी चेहऱ्यावर हसू ठेवणं आणि आतला राग आत जिरवणं हेही काम, आणि कंपनी ते विकत घेते, हा त्यांचा मुद्दा. भावनिक श्रम. आता गंमत बघा. हवाईसुंदरीचा प्रवासी दोन तासांनी उतरून जातो. ताईचे अठ्ठावीस प्रवासी 15 जूनच्या आसपास चढतात आणि एप्रिल संपेपर्यंत उतरत नाहीत. त्यातला एक रोज शी करतो, एकीचा बाप पितो, एकाला वडीलच नाहीत पण तो रोज वडिलांनी काय आणलं ते सांगतो.

आपल्याकडे ऑन-कॉल असतं. आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपायचं, रात्री सर्व्हर पडला की उठायचं. आठवडा संपला की पुढच्याला हँडओव्हर देऊन आपण मोकळे, वर त्याचा भत्ता. ताईला हँडओव्हर कुणाला द्यायचा? दोन शिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एका बाईंकडे, तिसरी-चौथी हिच्याकडे. दुसऱ्या बाई ट्रेनिंगला गेल्या की चारही वर्ग हिच्याकडे. रविवारी मी भांगरवाडीतल्या तिच्या खोलीवर जातो तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबते आणि म्हणते, "त्याच्या कानातून पू येत होता रे शुक्रवारी. दवाखान्यात नेलं असेल ना?" हा प्रश्न ती मला विचारत नसते.

आणि जून-जुलै तिथला कसा असतो ते आपल्याला माहीतच नाही, कारण आपण फक्त धबधब्यापर्यंत जातो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बराचसा याच दोन महिन्यांत. आपल्याला जे 'वातावरण' वाटतं ते तिथे वर्गातलं हवामान असतं. दारं-खिडक्या लावल्या की अंधार, उघडल्या की झड आत. लाइट दोन-दोन दिवस नाही. पहिलीची पोरं ओल्या चड्डीत कुडकुडत बसलेली, आईच्या नावाने भोकाड. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की बाराखडी ओरडून म्हणावी लागते. ऑगस्ट उजाडेपर्यंत ताईचा आवाज बसलेला असतो, दर वर्षी. ती दप्तरात (हो, दप्तरच म्हणते ती पर्सला) एक कोरडा ड्रेस ठेवते. शाळेत पोचल्यावर आधी कपडे बदलायचे. सावित्रीबाई फुले एक जादाचं लुगडं नेत असत, वाटेत लोक शेण-चिखल फेकत म्हणून. मी एकदा ताईला म्हटलं, तू पण सावित्रीबाईंसारखी. तर म्हणाली, "त्यांच्यावर लोक मुद्दाम फेकायचे. माझ्यावर तुमच्या गाड्या न बघता उडवतात."

शनिवारी मुलं कमी का, हे तिने मला नंतर समजावलं. बंगल्यांच्या वॉचमनची मुलं बंगला बदलला की शाळा बदलतात. टपरीवाल्यांची मुलं पावसाळ्यात शनिवारी गायब आणि सोमवारी पेंगलेली. "मी शुक्रवारी त्याला जोडाक्षरापर्यंत आणते," ती म्हणाली, "आणि सोमवारी तो परत साध्या अक्षरावर असतो. तुम्ही लोक दर वीकेंडला माझा वर्ग पुसून जाता." हे ती हसत म्हणाली. मी हसलो नाही.

आता त्या दुसऱ्या मुलीबद्दल. तिचं नाव लिहीत नाही.

कातकऱ्यांची मुलगी. केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित म्हणून महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती आहेत, कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी, त्यातली. गेल्या वर्षी जूनमध्ये तिसरीत येऊन बसली तेव्हा तोंडातून शब्द नाही. घरी कातकरी बोली, वर्गात पुस्तकी मराठी. ताईने तिच्याकडूनच वीस-पंचवीस कातकरी शब्द शिकून घेतले, वहीत लिहिले, आणि वर्गाला ते शब्द त्या पोरीला 'बाई' करून शिकवायला लावले. दसऱ्यापर्यंत पोरगी वाचायला लागली. दुकानाच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, एसटीचा बोर्ड, जे दिसेल ते मोठ्याने. ताईचा मला ऑफिसात फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो, कट केला. तिने मेसेज टाकला : "वाचली."

दिवाळीनंतर ती आलीच नाही.

यात नवीन काही नाही. कातकरी कुटुंबं पावसाळ्यात हाताला काम नसताना भट्टीमालकाकडून उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडायला वीटभट्टीवर जातात. मे संपता संपता परत. शासनाकडे यासाठी कागदही आहे, शिक्षण हमी कार्ड. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते बघून त्याला बसवून घ्यायचं. ताईने कार्ड करून ठेवलं होतं, पण द्यायच्या आत सगळं कुटुंब टेंपोत बसून रात्रीतून खाली उतरलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी ताई म्हणाली, तुझी बाइक काढ. शिंग्रोबाला रुपया टाकला आणि घाट उतरून खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात तीन भट्ट्या फिरलो. तिसरीवर सापडली. आई-बाप चिखल तुडवत होते, ही आणि तिचा भाऊ थापलेल्या विटा वाळायला उलट्या करत होते. ताईला बघून ती विटांच्या थराच्या मागे जाऊन लपली. लाजून, का घाबरून, का अजून कशाने, मला नाही सांगता येणार. बऱ्याच वेळाने बाहेर आली. बोलली नाही. मग कुणीही काही न सांगता तिने एक कच्ची वीट उचलली आणि तिच्यावर ठशातली जी दोन अक्षरं असतात ना, भट्टीवाल्याच्या नावाची, ती बोटाने दाखवून वाचली. वीट परत जागेवर ठेवली. पुढची उलटी करायला लागली.

ताईने तिच्या आईकडे कार्ड दिलं. आईने ते ओलं होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. जवळची शाळा तीन किलोमीटरवर होती आणि मधे हायवे.

परत येताना खोपोलीत वडापाव खायला थांबलो. मला वाटलं ताई रडेल. ती नाही रडली. ती म्हणाली, "हिला गैरहजर दाखवली तर कारण टाकावं लागतं. शाळाबाह्य म्हणून टाकली तर खुलासा मागतात. हजर दाखवली तर ते खोटं. तू सॉफ्टवेअरवाला ना, सांग मी काय सिलेक्ट करू?"

माझ्या घशात वडा अडकला. तो का अडकला ते सांगतो, म्हणजे हा लेख नुसता दुसऱ्यांवर दगड मारणारा राहणार नाही.

तीनेक वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टवर होतो. शाळांच्या हजेरीचं आणि तपासणीचं अ‍ॅप. कंपनी कुठली, राज्य कुठलं ते सांगत नाही, सहीचे कागद झालेत. (महाराष्ट्र नव्हतं, एवढं सांगतो, नाहीतर ताई घरात घेणार नाही.) त्यात गैरहजेरीच्या कारणांची एक यादी होती : आजारी, स्थलांतर, कौटुंबिक, इतर. 'इतर' निवडलं की खाली एक मोकळा चौकोन उघडायचा, त्यात शिक्षकाने लिहायचं. पायलट झाला. निम्म्याहून जास्त शिक्षकांनी 'इतर' निवडलं आणि चौकोनात निबंध लिहिले. मी त्यातले थोडे वाचले होते, टेस्टिंगच्या नावाखाली. आई बाळंत झाली म्हणून घरी. चप्पल नाही, रस्ता तापतो. काल मी ओरडले म्हणून आला नाही, चूक माझी आहे. असं सगळं.

क्लायंटला ते आवडलं नाही. पाय चार्टचा अर्धा भाग करडा दिसत होता आणि त्याच्यावर 'इतर'. साहेबांना दाखवायचं कसं? तर मला तिकीट आलं, 'इतर' काढून टाका. मी काढलं. दहा मिनिटांचं काम. पुढच्या डेमोला पाय चार्ट काय सुंदर दिसत होता, लाल, हिरवा, निळा! त्या क्वार्टरला मला 'स्पॉट अवॉर्ड' मिळालं. पाचशे रुपयांचं गिफ्ट कार्ड.

आता सांगा, चप्पल नसलेलं ते पोरगं कुठल्या रंगात गेलं असेल?

आपण जे बनवतो ना मंडळी, ते असं असतं. मी खात्रीने सांगतो, हे वाचणाऱ्यांत किमान पाच-सहा जण असे असतील ज्यांनी आयुष्यात कधीतरी असला एखादा डॅशबोर्ड बनवलाय. ज्या माणसाने तो रोज भरायचा त्याला आपण कधीही भेटत नाही. आपला 'युजर' म्हणजे ते बघणारा साहेब. भरणारी बाई ही आपल्या लेखी फक्त डेटाचा नळ.

आणि नळ तरी किती ठिकाणी सोडलेत! 2015 पासून 'सरल'. पोषण आहाराचा रोजचा आकडा. 2023 च्या डिसेंबरात हजेरीचा चॅटबॉट. 2024 पासून अपार आयडी, त्यासाठी आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळलं पाहिजे, वेलांटीसकट. प्रत्येक उपक्रमाचे फोटो, शक्यतो बॅनरसह. ताईच्या फोनमध्ये तिच्या स्वतःच्या मुलाचे जेवढे फोटो नसतील तेवढे हात धुणाऱ्या पोरांचे आहेत. एकदा हात धुतले, फोटोत साबण दिसला नाही, म्हणून परत धुतले! यातून सगळ्यात क्रूर प्रकार कुठला, तर शाळेला शिक्षक किती द्यायचे हे, म्हणजे संचमान्यता, मध्यंतरी आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवरून धरायचं ठरलं. म्हणजे ज्या मुलासाठी शिक्षकाचा जीव सगळ्यात जास्त तुटतो, ते कागद नसलेलं, फिरतं, भट्टीवरचं मूल, तेच नेमकं शिक्षक मोजताना नाहीसं होतं.

कायदा काय म्हणतो? शिक्षणहक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. कलम 27 सरळ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही. (जनगणना दहा वर्षांनी येते म्हणून ठीक. यावेळी तर ती सोळा वर्षांनी येतेय.) त्यावर 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णय निघाला. ज्या नोकरीत 'यातलं तुझं काम कोणतं' हे सांगायला सरकारी यादी काढावी लागते, तिथे काय चाललं असेल? माझ्या मते खरी पळवाट अशी आहे की कलम 27 अशैक्षणिक कामाबद्दल बोलतं. फोन तर शाळेतच असतो. पोर्टल भरणं हे 'शैक्षणिक'च.

याला कुणी म्हणेल, अरे पण उत्तरदायित्व नको का? हवं ना. मी पण दर आठवड्याला टाइमशीट भरतो आणि थापा मारतो. नेमकं तेच होतं. मोजणी माणसावरच्या अविश्वासातून केली की माणूस मोजणीला हवं ते देतो. फरक एवढाच की माझ्या थापेमुळे क्लायंटचे चार डॉलर जातात, आणि शाळेतल्या थापेत एक मूल हजर होऊन बसतं.

दुसरी गोष्ट, ती जास्त चीड आणणारी. गुरुपौर्णिमा आली, 5 सप्टेंबर आला की याच साहेबांचे आणि आपलेही स्टेटस : गुरू म्हणजे देव, गुरू म्हणजे आई, गुरू म्हणजे मेणबत्ती. मेणबत्तीची उपमा तर मला अश्लील वाटते. स्वतः जळून संपण्याचं कौतुक! आपण जळलो की त्याला 'बर्नआउट' म्हणतो, एचआर सेशन ठेवतं, समुपदेशकाचा हेल्पलाइन नंबर बॅजच्या मागे छापलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. कामाच्या ठिकाणच्या! म्हणजे दोष मेणात नाही.

शिक्षकाने काही मागितलं की लगेच साने गुरुजी काढतात. गुरुजींबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण जरा इतिहास बघा. ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते 1924 ते 1930. वसतिगृहातल्या मुलांचं आईसारखं केलं. सहा वर्षं. मग नोकरी सोडून कायदेभंगात उतरले. ताईची नोकरी आजच याहून जास्त झालीये आणि अजून पंचवीस वर्षं शिल्लक आहेत. सहा वर्षं धगधगणं आणि बत्तीस वर्षं दर जूनला नव्याने पेटणं यात फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आरती नको असते. त्याला मधूनमधून कोणीतरी बदली यावं लागतं.

ताईच्या जोडीदार बाईंचं उदाहरण देतो. वीस वर्षांच्या वर नोकरी. लोणावळा लोकलने रोज ये-जा, नंतर जीप. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा बाकी असलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाईल. निकाल बरोबर की चूक यावर मी बोलत नाही. पात्रता तपासायला माझी हरकत नाही. पण त्या आठवड्यात शिक्षक दिन होता. मुलांनी त्यांना जास्वंदीची फुलं दिली, ग्रुपवर 'गुरुदेवो भव' आलं, आणि त्याखालीच निकालाची बातमी. बाई फुलं टेबलावर ठेवून ताईला म्हणाल्या, "गेल्या वीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही की तुला कसं वाटतं. आता विचारतायत की तुला येतं का." दुपारी त्या पहिलीच्या पोरांबरोबर फुगडी खेळल्या, कारण वेळापत्रकात खेळ होता. हॉक्सचाइल्डबाईंना हे दाखवायला हवं होतं.

मला काय हवंय? उपदेश नाही, सरळ मागण्या. केंद्रातल्या दहा-बारा शाळांमागे एक पगारी डेटा ऑपरेटर, आणि शिक्षकाच्या फोनवरून सगळी पोर्टलं बंद. फोटो हा पुरावा म्हणून बंद. दोन शिक्षकी शाळेसाठी तालुक्याला राखीव शिक्षक, म्हणजे बाई आजारी पडली तर तिने घसा शेकत घरी बसावं, अपराधी वाटून न घेता. महिन्याची शिक्षण परिषद होते त्यात एक तास पीपीटी बंद करून शिक्षकांनी एकमेकांशी बोलायचं, इतिवृत्त न लिहिता. आणि असलं काहीही बनवणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी एक आठवडा जुलैमध्ये अशा शाळेत बसून यायचं. नेटवर्क नसताना, ओल्या हाताने, एका हातात रडणारं पोर धरून तो फॉर्म भरून दाखवायचा. मग काढा म्हणावं 'इतर'.

त्या लीडला मी हे सगळं नंतर कँटीनमध्ये ऐकवलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मान्य. पण मे महिन्याची सुट्टी तर असतेच ना?" मग मी त्याला सांगितलं की मे महिन्यात ताई काय करते. एप्रिलअखेर निकाल वाचून होतो, चौथीची पोरं दाखले घेऊन जातात, पाया पडतात, आणि सुट्टीचे पहिले आठ-दहा दिवस ती घरात कुणाशी धड बोलत नाही. आई म्हणते थकलीये, झोपू दे. पण ती झोपत नाही, नुसती पडून असते. मग एक दिवस उठून पुढच्या वर्षाचे तक्ते करायला बसते. 2024 च्या मे महिन्यात तेही नाही, मावळात 13 तारखेला मतदान होतं, तिची ड्यूटी लागली होती.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, पण उचलला. ती पोरगी परत आलीये. चौथीत. हातांची सालं गेलीयेत, वाचन बरंचसं विसरलीये, वीस-पंचवीस कातकरी शब्दांपासून परत सुरू. कणीसवालाही आहे, त्याच वर्गात. ताईच्या आवाजात जूनचा तो उत्साह होता जो मला कधीच कळलेला नाही.

"आणि ऐक ना," ती म्हणाली, "तिचा अपार आयडी होत नाहीये. आधारवर जन्मतारीख एक जानेवारी, आमच्या रजिस्टरला वेगळी. पेज नुसतं फिरतंय. तू बघतोस का?"

बघतो म्हटलं.